इन्स्टॉल स्क्रिप्ट की डिस्ट्रोचं पॅकेज: सर्व्हरवर काय टाकावं आणि का

प्रश्न थोडक्यात असा: एका टूलच्या संकेतस्थळावर एकच ओळ दिली आहे. कर्ल या डाउनलोडच्या कमांडने स्क्रिप्ट उतरवायची आणि पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) थेट ‘सुडो बॅश’ला द्यायची, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या हक्काने चालणाऱ्या शेलला. तेच टूल डेबियन या लिनक्स डिस्ट्रोच्या रेपोतही (पॅकेजांच्या साठ्यातही) आहे, पण काही व्हर्जन मागे. सर्व्हरवर यातलं कुठलं वापरावं? स्क्रिप्ट खरंच धोक्याची असते, की ही जुन्या जाणत्यांची नुसती सवय आहे? आणि स्क्रिप्टने आधीच टाकलेलं असेल तर पॅकेजवर कसं यायचं?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. बराच काळ चालणाऱ्या मशीनवर डिस्ट्रोचं पॅकेज ही पहिली पसंती. ते व्हर्जन खरोखरच पुरत नसेल तर बॅकपोर्ट्स (नवी व्हर्जनं चालू रिलीजसाठी बांधून देणारी डिस्ट्रोचीच रेपो), आणि त्यानंतर टूलच्या निर्मात्यांची सही असलेली रेपो. तीही नसेल तर टारबॉल (टूलच्या फाइलींचा एकत्र गठ्ठा) घेऊन त्याचं पॅकेज स्वतः बांधावं. रूटने चालणारी इन्स्टॉल स्क्रिप्ट सगळ्यात शेवटी, आणि तीही वाचूनच. स्क्रिप्ट तुमच्या होम डिरेक्टरीबाहेर काहीच लिहीत नसेल तर मात्र हिशेब बदलतो; त्याकडे पुढे येतो.

या विषयावर बोलणं निघालं की ते विश्वासावरच अडकतं: अनोळखी स्क्रिप्ट रूटने का चालवायची? मुद्दा बरोबर आहे. पण रोजच्या कामात त्याहून जास्त नडतो तो नोंदीचा प्रश्न. मशीनवर कुठली फाइल कुणी ठेवली, कुठल्या व्हर्जनची आहे, ती काढली तर काय मोडेल, हे सांगणारं कुणीतरी हवं. इन्स्टॉल पाच मिनिटांत होतं. पुढची काही वर्षं ते टूल अपडेट करायचं असतं, त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या लावायच्या असतात आणि एक दिवस ते काढूनही टाकायचं असतं. बहुतेक स्क्रिप्टांमध्ये फक्त त्या पहिल्या पाच मिनिटांचा विचार केलेला असतो.

डेब फाइल, म्हणजे डेबियनचं पॅकेज, उघडून पाहिली की फरक लगेच कळतो. ती ‘एआर’ प्रकारची साधी अर्काइव्ह असते आणि तिच्यात तीन गोष्टी असतात: फॉरमॅटचा क्रमांक लिहिलेली छोटी फाइल, ‘कंट्रोल’ नावाची टार आणि ‘डेटा’ नावाची टार. कंट्रोलमध्ये नाव, व्हर्जन, डिपेंडन्सी आणि देखभालीच्या स्क्रिप्ट. डेटामध्ये प्रत्यक्ष फाइली. डीपीकेजी (डेबियनवर पॅकेज बसवणारा प्रोग्राम) डेटा उलगडतं तेव्हा प्रत्येक फाइलचा मार्ग /वार/लिब/डीपीकेजी/इन्फो मधल्या त्या पॅकेजच्या ‘.लिस्ट’ फाइलमध्ये उतरतो. बहुतेक पॅकेजांसाठी शेजारीच ‘.एमडी५सम्स’ फाइलही असते. म्हणूनच हे तीन प्रश्न विचारता येतात:

डीपीकेजी --सर्च /यूएसआर/बिन/टूल
डीपीकेजी --लिस्टफाइल्स टूल
डीपीकेजी --व्हेरिफाय टूल

पहिली कमांड फाइल कुणाची ते सांगते, दुसरी पॅकेजने काय काय ठेवलं त्याची यादी देते, तिसरी नंतर कुणी फाइलीत हात घातला का ते दाखवते. आरपीएमच्या जगात, म्हणजे रेड हॅटसारख्या डिस्ट्रोंवर, हेच काम ‘आरपीएम -क्यूएफ’, ‘आरपीएम -क्यूएल’ आणि ‘आरपीएम --व्हेरिफाय’ करतात. दोन पॅकेजं एकाच मार्गावर फाइल ठेवू पाहत असतील तर डीपीकेजी तिथेच थांबतं आणि ही फाइल अमुक पॅकेजचीही आहे असं सांगतं. स्क्रिप्टमधली ‘सीपी’ कमांड काहीच विचारत नाही; असलेल्या फाइलवर लिहून मोकळी होते.

इथे एक बारकावा आहे. यूएसआर-मर्ज झालेल्या सिस्टिमवर /बिन ही /यूएसआर/बिनकडे जाणारी लिंक असते, पण एखाद्या पॅकेजने फाइलची नोंद जुन्या मार्गाने केलेली असू शकते. डेबियन १२ वर ‘डीपीकेजी --सर्च /यूएसआर/बिन/एलएस’ विचारलं तर असा मार्ग सापडत नाही असं उत्तर येतं, कारण नोंद /बिन/एलएस अशी आहे. एवढ्यावरून फाइल बेवारस ठरवून उडवू नका. ‘बिन/एलएस’ एवढाच तुकडा देऊन पुन्हा शोधा.

नोंदीचा दुसरा मोठा फायदा /ईटीसीमध्ये दिसतो. तुम्ही कॉन्फिग फाइल बदलली असेल आणि नव्या व्हर्जनसोबत तिची नवी प्रत आली असेल, तर डीपीकेजी विचारतं आणि नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच प्रत ठेवतं. आरपीएममध्ये पॅकेज करणाऱ्याने ‘नोरिप्लेस’ लिहिलेलं असेल तर नवी प्रत ‘.आरपीएमन्यू’ नावाने शेजारी ठेवली जाते. ते लिहिलेलं नसेल तर नवी प्रत जागेवर येते आणि तुमची ‘.आरपीएमसेव्ह’ म्हणून उरते, म्हणून अपग्रेडनंतर या दोन्ही शेपट्या शोधण्याची सवय लावा. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवल्यावर कॉन्फिगचं काय होतं हे मात्र पूर्णपणे ती लिहिणाऱ्यावर अवलंबून असतं.

पण ‘पॅकेज सुरक्षित, स्क्रिप्ट असुरक्षित’ ही मांडणी चुकीची आहे. पॅकेजमध्येही प्रीइन्स्ट, पोस्टइन्स्ट, प्रीआरएम आणि पोस्टआरएम अशा, पॅकेज टाकण्याच्या आणि काढण्याच्या आधी-नंतर चालणाऱ्या, स्क्रिप्ट असू शकतात आणि त्या रूट म्हणूनच चालतात. कुठल्याशा साइटवरून डेब फाइल उतरवून ‘डीपीकेजी --इन्स्टॉल’ केलं तर तिला अगदी तेवढेच अधिकार मिळतात जेवढे पाइपमधून आलेल्या स्क्रिप्टला. अशी फाइल टाकण्याआधी ‘डीपीकेजी-डेब --कंट्रोल’ने आतल्या स्क्रिप्ट बाहेर काढून वाचा, आरपीएमसाठी ‘आरपीएम -क्यूपी --स्क्रिप्ट्स’. काही निर्मात्यांची डेब फाइल इन्स्टॉल होताना स्वतःची रेपो आणि सहीची कीसुद्धा जोडून देते. ते तुम्हाला चालणार असेल तर ठीक, पण माहीत हवं.

सहीची साखळी हा खरा फरक. डेबियनमध्ये सहसा एकेका डेबवर सही नसते. रेपोच्या ‘इनरिलीज’ फाइलवर जीपीजी सही असते, तिच्यात ‘पॅकेजेस’ याद्यांचे एसएचए२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) असतात आणि त्या याद्यांमध्ये प्रत्येक डेबचा हॅश. यातला एक दुवा जुळला नाही तरी ॲप्ट (रेपोतून पॅकेज आणणारी डेबियनची कमांड) नकार देतं. आरपीएममध्ये प्रत्येक पॅकेजवर स्वतंत्र सही असते; रेपोच्या फाइलमध्ये ‘जीपीजीचेक=१’ आहे ना, एवढं पाहा. मिरर (रेपोची प्रत देणारा सर्व्हर) कुणाच्याही ताब्यात गेला तरी सहीची की त्याच्याकडे नसल्यामुळे त्याला पॅकेज बदलून देता येत नाही. कर्लच्या ओळीत असं काही नसतं. एचटीटीपीएस वाटेतली छेडछाड रोखतं, पण सर्व्हरच कुणी फोडला असेल तर त्याचा उपयोग नाही. स्क्रिप्टचा हॅश त्याच सर्व्हरवर छापलेला असेल तर तोही हल्लेखोर बदलू शकतो. हॅश वेगळ्या ठिकाणी असेल आणि कुणी तो खरंच जुळवून पाहत असेल, तरच त्याला अर्थ. २०२१ मधलं कोडकोव्ह या टेस्ट-कव्हरेज मोजणाऱ्या सेवेचं प्रकरण याचा पुरावा आहे: त्यांची बॅश अपलोडर स्क्रिप्ट ३१ जानेवारीपासून बदललेली होती, बिल्ड मशीनवरची गुपितं बाहेर पाठवत होती, आणि १ एप्रिलला एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा हॅश गिटहबवर दिलेल्या हॅशशी जुळत नाही हे पाहिलं तेव्हा ते उघडकीला आलं. मधले दोन महिने असंख्य मशीन ती स्क्रिप्ट मुकाट्याने चालवत होत्या.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या कॉम्प्रेशनच्या टूलसंचाच्या ५.६.० आणि ५.६.१ व्हर्जनांमध्ये बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) सापडला. तो रिलीज टारबॉलमध्ये होता, आणि त्याला चालू करणारी बिल्डची एम४ फाइल सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमधल्या सोर्समध्ये नव्हतीच. बिल्ड डेब किंवा आरपीएम पॅकेजसाठी चालू आहे का, हेही तो तपासत होता. म्हणजे पॅकेज करणाऱ्यांच्या हातून तो पुढे गेला आणि सहीची साखळी त्याला अडवू शकली नाही. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग या तयारीच्या शाखांमध्ये तो पोचला, स्टेबलमध्ये पोचला नाही. पॅकेजचं जुनं असणं इथे उपयोगी पडलं. व्हर्जन आलं त्याच दिवशी सगळीकडे न जाणं हीसुद्धा एक सुरक्षा आहे, आणि ताजी बायनरी ओढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ती नसते.

पाइपचे स्वतःचे चार दोष आहेत आणि ते हल्लेखोराशिवायही नडतात. पहिला: बॅश स्क्रिप्ट पूर्ण येण्याची वाट पाहत नाही. जसजसं वाचतं तसतसं चालवतं. कनेक्शन मध्येच तुटलं तर तोवरच्या ओळी चाललेल्या असतात. शेवटची ओळ अर्धी आली तरी शेल तिला पूर्ण कमांड समजून चालवतं. ‘आरएम -आरएफ /यूएसआर/लोकल/शेअर/टूल’ ही ओळ ‘/यूएसआर’पाशी तुटली तर काय होईल ते पाहा. कर्ल चूक झाल्याचं कळवतं, पण तोवर उशीर झालेला असतो; पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर अपयश मोजणारा पर्याय) लावूनही नुकसान टळत नाही. म्हणून चांगल्या स्क्रिप्टमध्ये सगळं काम एका फंक्शनमध्ये असतं आणि ते फंक्शन अगदी शेवटच्या ओळीत बोलावलेलं असतं. फाइल अपुरी आली तर काहीच चालत नाही.

दुसरा दोष: स्क्रिप्ट पाइपमधून येते तेव्हा शेलचं स्टँडर्ड इनपुट म्हणजेच ती स्क्रिप्ट. आत कुठे ‘रीड’ने वापरकर्त्याला प्रश्न विचारला असेल तर उत्तर म्हणून स्क्रिप्टचीच पुढची ओळ खाल्ली जाते. ‘एसएसएच’सारखी कमांड तर उरलेली सगळी स्क्रिप्ट गिळते आणि इन्स्टॉल अर्ध्यावर गप्प संपतं, कुठलीही चूक न दाखवता. इलाज: प्रश्न विचारताना इनपुट /डेव्ह/टीटीवायवरून (टर्मिनलवरून) घेणे आणि बाकी कमांडांना /डेव्ह/नल (रिकामं इनपुट) देणे.

तिसरा: कर्लला ‘-एफ’ दिलेलं नसेल तर सर्व्हरचं ‘पान सापडलं नाही’ हे एचटीएमएलसुद्धा बॅशला जातं. बॅश पहिल्याच ओळीवर ‘न्यूलाइन’जवळ सिंटॅक्स एरर आहे म्हणून थांबतं. हा संदेश दिसला की स्क्रिप्टमध्ये चूक शोधू नका, पत्ता तपासा. चौथा दोष हल्लेखोराच्या सोयीचा आहे. बॅश वाचता वाचता चालवत असल्यामुळे सुरुवातीला ‘स्लीप’ टाकून आणि मागून बराच डेटा पाठवून सर्व्हर ओळखू शकतो की पलीकडे फाइल उतरते आहे की थेट बॅश बसलं आहे. त्यानुसार तो वेगळा मजकूर पाठवू शकतो. हे २०१६ मध्ये करून दाखवलं गेलं आहे. म्हणून ब्राउझरमध्ये वाचलेली स्क्रिप्ट आणि पाइपमध्ये चाललेली स्क्रिप्ट एकच असेल असं धरू नका. फाइल उतरवा, तीच फाइल वाचा, तीच चालवा:

कर्ल -एफएसएसएल -ओ इन्स्टॉल.एसएच (पत्ता)
लेस इन्स्टॉल.एसएच
बॅश इन्स्टॉल.एसएच

स्क्रिप्ट वाचताना सगळ्या ओळींवर सारखा वेळ घालवू नका. ‘आरएम -आरएफ’ कुठे आहे ते आधी पाहा, आणि त्याच्यापुढे व्हेरिएबल असेल तर ते रिकामं राहू शकतं का ते तपासा. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या गेम प्लॅटफॉर्मच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये नेमकं हेच झालं. स्टीमरूट हे व्हेरिएबल रिकामं राहिलं, ‘स्टीमरूट/*’ पुसायची ओळ ‘/*’ पुसू लागली, आणि वापरकर्त्याला लिहायची परवानगी असलेल्या सगळ्या फाइली गेल्या. व्हेरिएबलच्या नावापुढे :? लावलं असतं तर रिकाम्या किमतीवर शेल तिथेच थांबलं असतं. २०११ मध्ये बंबलबी या ग्राफिक्स कार्डाच्या टूलच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘/यूएसआर’ आणि ‘/लिब’ यांच्यामध्ये एक स्पेस जास्त पडली होती; तेवढ्याने अख्खी /यूएसआर पुसली जात होती. या दोन्ही चुका चांगल्या हेतूच्या लोकांकडून झाल्या. रूटने चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हेतूपेक्षा काळजी महत्त्वाची असते.

त्यानंतर पाहा: स्क्रिप्ट आत आणखी काही उतरवते का, आणि त्याचा हॅश किंवा सही तपासते का? /टेम्पमध्ये ठरावीक नावाची फाइल वापरते की ‘एमकेटेम्प’ने बनवलेली, अंदाज न येणाऱ्या नावाची? ‘.बॅशआरसी’ किंवा /ईटीसी/प्रोफाइल.डीमध्ये काय जोडते? क्रॉनमध्ये किंवा सिस्टमडीच्या (सर्व्हिस सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) टायमरमध्ये स्वतःचं अपडेट बसवते का? पहिली ओळ कुठल्या शेलची आहे? डेबियन-उबुंटूवर ‘/बिन/एसएच’ म्हणजे डॅश हा बॅशहून साधा शेल. बॅशची दुहेरी चौकटी कंसांची अट तिथे चालत नाही. ‘[[: नॉट फाउंड’ असा संदेश येतो, पण ‘सेट -ई’ (कमांड फसताच थांबण्याची सूचना) असूनही स्क्रिप्ट थांबत नाही, कारण ‘इफ’च्या अटीतलं अपयश ‘सेट -ई’ मोजत नाही. मग चुकीची शाखा निवडली जाते आणि चुकीच्या आर्किटेक्चरची बायनरी येऊन बसते.

यापुढचा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो, म्हणून सविस्तर सांगतो: स्क्रिप्टने टाकलेलं पॅकेजवाल्याच्या आड येतं. लिनक्सवर फाइलसिस्टिमच्या प्रमाणानुसार /यूएसआर/लोकल ही जागा मशीनच्या व्यवस्थापकाची आहे आणि डिस्ट्रोची पॅकेजं तिथे फाइली ठेवत नाहीत. ही विभागणी चांगली आहे, पण पाथमध्ये (कमांड शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीत) /यूएसआर/लोकल/बिन आधी येतं. वर्षभरापूर्वी स्क्रिप्टने ठेवलेली बायनरी तिथे पडून असते, आज ॲप्टने नवं सुरक्षित व्हर्जन आणलेलं असतं, आणि चालते मात्र जुनीच. ‘टाइप -ए टूल’ चालवलं की सगळ्या प्रती क्रमाने दिसतात. जुनी काढल्यावरही बॅश लक्षात ठेवलेल्या मार्गावरच जाऊन फाइल नाही म्हणत असेल तर ‘हॅश -आर’ द्या.

लायब्ररींच्या बाबतीत हे जास्त गंभीर होतं. डेबियनवर /यूएसआर/लोकल/लिब डायनॅमिक लिंकरच्या (प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडणाऱ्याच्या) यादीत असते आणि सिस्टिमच्या डिरेक्टरींच्या आधी शोधली जाते. एखाद्या स्क्रिप्टने तिथे स्वतःची लिबएसएसएल किंवा लिबकर्ल ठेवली तर त्या टूलचा काहीही संबंध नसलेले प्रोग्रामसुद्धा तीच उचलतात. मग सिस्टिमच्या लायब्ररीला दुरुस्ती लावूनही सर्व्हिस जुन्याच प्रतीवर चालत राहते. प्रोग्राम कुठली प्रत उचलतो याची ‘एलडीडी’ने खात्री करा. रेड हॅटच्या कुटुंबात उलटं होतं: /यूएसआर/लोकल/लिब मुळात यादीतच नसते, त्यामुळे इन्स्टॉल नीट होतं आणि चालवताना शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही असा संदेश येतो. एकच स्क्रिप्ट दोन डिस्ट्रोंवर दोन वेगळ्या प्रकारे फसते ती अशी.

सिस्टमडीमध्येही अशी सावली पडते, म्हणजे एक फाइल दुसरीला झाकते. पॅकेज आपली युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी) /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम किंवा जुन्या मार्गाने /लिबखाली ठेवतं; स्क्रिप्ट बहुधा /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टममध्ये ठेवते, आणि नाव तेच असेल तर /ईटीसीची जिंकते. पॅकेज टाकूनही सर्व्हिस जुनी बायनरी चालवत असेल तर ‘सिस्टमसीटीएल कॅट टूल’ पाहा. कुठली फाइल वाचली जाते आहे ते पहिल्याच ओळीत दिसतं. मशीनवरच्या अशा सगळ्या सावल्या एकत्र पाहायच्या तर ‘सिस्टमडी-डेल्टा’.

पायथनमध्ये ‘सुडो पिप इन्स्टॉल’ने (पिप हे पायथनचं स्वतःचं पॅकेज टूल) हाच घोळ इतका वाढला की पीईपी ६६८ हे प्रमाण आलं. डेबियन १२ पासून पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला नकार देतं. नकार आला की ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ देऊन पुढे जाऊ नका. त्या पर्यायाचं नाव जे सांगतं तेच होतं. वेगळं व्हेन्व (पायथनचं स्वतंत्र वातावरण) बनवा किंवा कमांडलाइन टूलसाठी पिपएक्स वापरा.

फ्रीबीएसडी या लिनक्स नसलेल्या सिस्टिमवर मात्र /यूएसआर/लोकलचा वरचा नियम लावू नका. तिथे मूळ सिस्टिम वेगळी आणि पॅकेजांनी आलेलं सगळं /यूएसआर/लोकलमध्येच असतं. लिनक्स डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली स्क्रिप्ट तिथे चालवली तर ती थेट पॅकेज मॅनेजरच्या फाइलींवर लिहिते.

आता ‘रेपोतलं व्हर्जन जुनं आहे’ याबद्दल. व्हर्जनचा आकडा जुना म्हणजे सुरक्षा दुरुस्त्या नाहीत असं नाही. डेबियन स्टेबल आणि रेड हॅट दुरुस्त्या जुन्या व्हर्जनमध्ये मागे आणून लावतात. वरचा आकडा तोच राहतो, पॅकेजचा रिव्हिजन क्रमांक वाढतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये ओपनएसएसएल १.१.१के असं दिसतं, पण त्यात के नंतरच्या अनेक दुरुस्त्या आहेत. फक्त आकडा पाहणारे स्कॅनर अशा वेळी खोटी ओरड करतात. ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग’ किंवा ‘ॲप्ट चेंजलॉग’मध्ये सीव्हीई क्रमांक (सुरक्षा त्रुटीचा जाहीर क्रमांक) शोधला की उत्तर मिळतं. तेव्हा आधी ठरवा, तुम्हाला नवं व्हर्जन कशासाठी हवं आहे. एखादं नवं वैशिष्ट्य हवं असेल तर पुढे जा. फक्त आकडा नवा हवा म्हणून नको.

निर्मात्यांची रेपो जोडायची तर तिची सहीची की सगळ्या रेपोंसाठी खुली ठेवू नका. जुन्या सूचनांमधलं ‘ॲप्ट-की ॲड’ कालबाह्य आहे, आणि ट्रस्टेड.जीपीजी.डी मध्ये टाकलेली की कुठल्याही रेपोसाठी मान्य होते. की /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्जमध्ये ठेवा आणि रेपोच्या ‘.सोर्सेस’ फाइलमध्ये ‘साइन्ड-बाय’ने फक्त तिचाच उल्लेख करा. त्यावर पिनिंगही (कुठल्या रेपोला किती प्राधान्य ते ठरवणंही) हवं. नाहीतर त्या रेपोने उद्या लिबसी किंवा ओपनएसएसएलचं मोठ्या आकड्याचं पॅकेज ठेवलं तर ॲप्ट तेही उचलेल, कारण दोन्ही रेपोंची मूळ प्राथमिकता ५०० असते. /ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी मध्ये त्या होस्टच्या सगळ्या पॅकेजांना १ आणि हव्या त्या एका टूलला ५०० द्या. मग ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी टूल’ चालवून कुठलं व्हर्जन निवडलं जाईल ते डोळ्यांनी पाहा. डिस्ट्रोचं मोठं अपग्रेड करण्याआधी अशा बाहेरच्या रेपो बंद करा. अपग्रेड अडकण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

रेपोच नसेल, फक्त सोर्स किंवा टारबॉल असेल, तर स्वतः पॅकेज बांधणं वाटतं तितकं अवघड नाही. सोर्स असेल तर प्रीफिक्स (टूल शेवटी जिथे राहणार ती जागा) /यूएसआर ठेवून बिल्ड करा आणि इन्स्टॉल वेगळ्या डिरेक्टरीत करा:

मेक इन्स्टॉल डेस्टडिर=/टेम्प/टूल-स्टेज

प्रीफिक्स आणि डेस्टडिर यांची गल्लत करू नका. प्रीफिक्स बायनरीच्या आत कोरला जातो. डेस्टडिर फक्त फाइली ठेवण्याची तात्पुरती जागा. ही कमांड रूट न होता चालवा. काही मेकफाइली डेस्टडिर पाळत नाहीत. रूट नसाल तर तिथे परवानगी नाकारली जाते आणि चूक लगेच कळते. नंतर ‘फाइंड’ने स्टेजमधली यादी वाचा आणि एफपीएम किंवा एनएफपीएम या पॅकेज बांधणाऱ्या टूलने त्याची डेब किंवा आरपीएम करा. व्हर्जन देताना १.२.३-०लोकल१ असं द्या. पुढे डिस्ट्रोचं १.२.३-१ आलं की ते मोठं ठरतं आणि तुमचं पॅकेज आपोआप बदललं जातं. शंका असेल तर ‘डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स’ने तपासून घ्या. ‘मेक इन्स्टॉल’ काय लिहितं ते टिपून पॅकेज करणारं चेकइन्स्टॉल अजूनही अनेकजण सुचवतात. ते एलडी_प्रीलोडच्या युक्तीवर (प्रोग्राममध्ये आपली लायब्ररी आधी घुसवण्यावर) चालतं, त्यामुळे स्टॅटिक लिंक केलेल्या इन्स्टॉलरने लिहिलेल्या फाइली त्याला दिसत नाहीत. पॅकेज बांधायचंच नसेल तर निदान ग्नू स्टो वापरा: सगळं /यूएसआर/लोकल/स्टो/टूल-१.२.३ मध्ये, बाहेर फक्त लिंका. काढायचं असेल तेव्हा एक कमांड पुरते.

तयार बायनरी घेत असाल तर ती कुठल्या जीलिबसीवर (बहुतेक डिस्ट्रोंच्या मूळ सी लायब्ररीवर) बांधली आहे ते पाहा. जीलिबसी २.३४ किंवा त्यापुढच्यावर बांधलेला डायनॅमिक प्रोग्राम जुन्या सिस्टिमवर बहुधा ‘जीएलआयबीसी_२.३४ सापडलं नाही’ म्हणून थांबतो. उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे आणि रेड हॅट ८ मध्ये २.२८, त्यामुळे ही जोडी नेहमी अडते. नवी जीलिबसी हाताने बसवणं हा यावरचा इलाज नव्हे. सगळी सिस्टिम तिच्यावर उभी असते. अल्पाइन या छोट्या डिस्ट्रोवर फाइल समोर दिसत असूनही शेल ‘नॉट फाउंड’ म्हणतं. तिथे सापडत नाही तो बायनरीत लिहिलेला जीलिबसीचा लोडर, कारण अल्पाइन मसल ही वेगळी सी लायब्ररी वापरतं. स्टॅटिक बायनरी किंवा मसलसाठीचं बिल्ड घ्या.

स्क्रिप्ट कधी योग्य? रस्ट भाषेची टूलं बसवणारं रस्टअप हे चांगलं उदाहरण. ते रूट मागत नाही, सगळं होममधल्या .कार्गो आणि .रस्टअपमध्ये ठेवतं, पाथसाठी प्रोफाइलमध्ये काय जोडणार ते आधी सांगतं, स्वतःला अपडेट करतं आणि ‘रस्टअप सेल्फ अनइन्स्टॉल’ने निघूनही जातं. एकाच डेव्हलपरला एकाच वेळी अनेक टूलचेन लागतात, हे डिस्ट्रोच्या पॅकेजात बसत नाही. अशा ठिकाणी स्क्रिप्ट वापरा. टाकाऊ कंटेनरमध्येही काढून टाकण्याचा प्रश्न उरत नाही, पण व्हर्जन आणि हॅश पक्का करूनच, नाहीतर तीच डॉकरफाइल (कंटेनर बांधायच्या सूचना) महिन्याभराने वेगळं काही बांधते.

आता स्क्रिप्टवरून पॅकेजवर येण्याचं काम. आधी सर्व्हिस थांबवा आणि डेटा व कॉन्फिगची प्रत घ्या. त्यानंतर डेटाचा फॉरमॅट तपासा, कारण खरा धोका इथे आहे. स्क्रिप्टने नवं व्हर्जन टाकलं असेल आणि त्याने डेटाबेसचा स्कीमा (रचना) पुढे नेला असेल, तर रेपोतलं जुनं व्हर्जन तो वाचू शकणार नाही. असं असेल तर त्या व्हर्जनची निर्मात्यांची रेपो घ्या किंवा चालू व्हर्जनमधून एक्स्पोर्ट करून जुन्यात आयात करता येतं का ते पाहा.

मग फाइली शोधा. स्क्रिप्टमध्ये अनइन्स्टॉलचा पर्याय असेल तर तो वाचून वापरा. नसेल तर इन्स्टॉलची वेळ काढा; ‘जर्नलसीटीएल _कॉम=सुडो’मध्ये सुडोने बॅश चालवल्याची ओळ सापडते, लॉग तेवढा मागचा शिल्लक असेल तर. त्या वेळेपासूनच्या पंधरा मिनिटांत बदललेल्या फाइली शोधताना एमटाइम (मजकूर बदलल्याची वेळ) पाहू नका: टारमधून काढलेल्या फाइलींचा एमटाइम बिल्डच्या दिवसाचा असतो. सीटाइम (या मशीनवर फाइलची नोंद बदलल्याची वेळ) पाहा:

फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप एफ -न्यूअरसीटी ‘२०२५-०३-१० १४:००’ ! -न्यूअरसीटी ‘२०२५-०३-१० १४:१५’

/वार किंवा /ऑप्ट वेगळ्या पार्टिशनवर असतील तर त्यांची नावं वेगळी द्यावी लागतात, कारण -एक्सडेव्ह दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये शिरत नाही. लिंकांसाठी हीच कमांड ‘-टाइप एल’ देऊन पुन्हा चालवा. आलेली प्रत्येक फाइल ‘डीपीकेजी --सर्च’मधून काढा, जिला मालक नाही ती संशयित. ती लगेच पुसू नका, बाजूच्या डिरेक्टरीत हलवा.

युजरकडेही लक्ष द्या. स्क्रिप्टने ‘यूजरॲड’ने बनवलेला युजर आणि पॅकेजचा पोस्टइन्स्ट बनवतो तो युजर यांची नावं वेगळी असू शकतात. तसं असेल तर पॅकेज टाकल्यावर सर्व्हिस सुरू होते आणि /वार/लिबमधल्या स्वतःच्याच डेटावर परवानगी नाही म्हणून पडते. ‘गेटेंट पासडब्ल्यूडी’ने दोन्ही पाहा आणि डेटाची मालकी बदला. /ईटीसीमधली जुनी युनिट फाइल हलवून ‘सिस्टमसीटीएल डिमन-रीलोड’ करा, पॅकेज टाका, तुमचं कॉन्फिग ओळीओळीने नव्यात आणा. ‘टाइप -ए’, ‘सिस्टमसीटीएल कॅट’ आणि चालू प्रोसेसची /प्रॉक/पीआयडी/एक्सई लिंक या तिन्हींनी पॅकेजचाच मार्ग दाखवला पाहिजे. एकदा मशीन रीबूट करून हेच पुन्हा तपासा, मग बाजूला ठेवलेल्या फाइली पुसा.

तुम्ही स्वतः टूल बनवत असाल आणि स्क्रिप्ट द्यावीच लागत असेल तर निदान एवढं करा: तिच्या आत सुडो घालू नका, प्रीफिक्स बदलता येऊ द्या, आधीपासून पॅकेजने टाकलेली प्रत सापडली तर थांबा, आणि ठेवलेल्या प्रत्येक फाइलचा मार्ग व हॅश एका यादीत लिहून ती यादी वाचूनच चालणारी अनइन्स्टॉल कमांड सोबत द्या.